म्बिटाच्या भिंतीवरचा कोळी

निघण्यापूर्वी

एव्हार्का क्युलिसिव्होरा हा उड्या मारणारा कोळी बघायचा तर जंगलात जाऊन उपयोग नाही. माणसं राहतात ती घरं गाठायची, त्यांच्या भिंती आणि भिंतीलगतचं गवत धुंडाळायचं, आणि तेही व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, केनियात किंवा युगांडात. आपला मुक्काम केनियातल्या म्बिटा या गावी. अंगाने जेमतेम पाच मिलिमीटर. लहानमोठे धरले तर तीन ते सात. वांडा वेसोवोव्स्का आणि रॉबर्ट जॅक्सन यांनी २००३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. नावातल्या क्युलिसिव्होराचा अर्थ डास खाणारा. नाव जरा अपुरंच पडतं, कारण याची आवड त्याहून नेमकी आहे: रक्त पिऊन तट्ट फुगलेली डासाची मादी, त्यातही मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलीसची. कोळ्याच्या तोंडाला माणसाची कातडी भेदता येत नाही. रक्तापर्यंत जायची त्याची वाट डासाच्या पोटातून जाते.

तारखा ठरवताना भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून अमावास्या बघा. सरोवरातल्या तलावमाश्यांचे, विशेषतः काओबोरस जातीच्या माश्यांचे, थवे अमावास्येच्या आसपास पाण्यातून बाहेर पडतात. कोळ्याला रोज कसल्या गर्दीतून आपलं भक्ष्य निवडावं लागतं ते त्याशिवाय कळत नाही. मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. पाऊस ओसरला की डबक्यांमधून ॲनोफिलीस वाढतो, म्हणून जूनमधली अमावास्या सगळ्यात सोयीची. ऐन पावसात गेलात तर दुपारी ढग दाटून येतात, उजेड जातो आणि कोळी गवतात दडून बसतो.

केनियाला आता व्हिसा लागत नाही, पण २०२४ पासून ऑनलाइन प्रवास परवानगी आधी काढावी लागते. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. पिवळं कार्ड नसेल तर परतताना भारतातल्या विमानतळावर अडकाल. लस मुंबई-पुण्याच्या अधिकृत केंद्रांवर मिळते, पण ठरावीक वारीच, त्यामुळे आदल्या आठवड्यावर ढकलू नका. मलेरियाची प्रतिबंधक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस, डॉक्सिसायक्लिन असेल तर परतल्यावर चार आठवडे. ज्या कोळ्याला बघायला जायचं त्याचं आवडतं खाणं म्हणजे मलेरिया पसरवणारा डास, तेव्हा ही गोळी चुकवण्यात कसलंच शौर्य नाही.

सामानात दहापट मोठं दाखवणारं भिंग, कपाळावर बांधायची बॅटरी, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे शर्ट आणि गुडघ्याखाली घालायला एक फोमचा तुकडा. शेवटची वस्तू हास्यास्पद वाटेल, पण दोन तास भिंतीच्या पायथ्याशी गुडघ्यावर बसल्यावर तिची किंमत कळते. डब्या, बाटल्या, चिमटे घरीच ठेवा. केनियातून कोळी गोळा करायचा तर संशोधनाचा परवाना लागतो, तो पर्यटकाला मिळत नाही. बघायचं, मोजायचं, फोटो काढायचे, बस.

पहिला दिवस: नैरोबी, किसुमू, म्बिटा

नैरोबीहून किसुमूला विमानाने पाऊण तास. १९०१ साली युगांडा रेल्वे इथवर पोचली तेव्हा या गावाचं नाव पोर्ट फ्लोरेन्स होतं. ते रूळ टाकायला हिंदुस्थानातून नेलेले हजारो मजूर राबले, आणि पूर्व आफ्रिकेतल्या जेवणाच्या पानात आजही ‘चपाती’ हाच शब्द आहे.

किसुमूहून म्बिटाला दोन वाटा. एक केंडू बे, होमा बे करत सरोवराला वळसा घालून रस्त्याने. दुसरी न्डोरीच्या फाट्यावरून लुआंडा कोटिएनोला जाऊन तिथून फेरीबोटीने. बोटीची वाट जवळची आणि सुंदर, पण आखातात जलपर्णी दाटली की बोट खोळंबते. पुण्याच्या नदीत जे दिसतं तेच इथे मैलभर पसरलेलं दिसतं. बोटीच्या वेळा किसुमूतच विचारून घ्या, आणि जलपर्णीची बातमी कानावर आली तर मुकाट्याने होमा बेचा रस्ता धरा.

म्बिटा विषुववृत्ताच्या थोडं दक्षिणेला, समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास. हवा कोकणासारखी चिकट नाही. रात्री पातळ पांघरूण लागतं. काठावर जाळ्यांवर ओमेना नावाची बोटभर लांबीची चंदेरी मासळी वाळत घातलेली असते. वास सुकटीचाच, त्यामुळे कोकणी माणसाला परकं वाटत नाही. अंधार पडला की याच मासळीसाठी होड्या दिवे लावून पाण्यात उतरतात, आणि समोर एखादं शहर वसल्यासारखं दिसतं.

मुक्कामाच्या खोलीत मच्छरदाणी आहे का, तिला भोकं आहेत का, हे सामान ठेवायच्या आधी बघा. सरोवरात पाय बुडवू नका. काठच्या उथळ पाण्यात गोगलगायींमधून पसरणारा शिस्टोसोमा हा परजीवी आहे आणि तो कातडीतून शिरतो. संध्याकाळनंतर काठाने फिरू नका, पाणघोडे चरायला वर येतात.

दुसरा दिवस: आधी डास ओळखायचा

पहिला संपूर्ण दिवस कोळ्याच्या वाट्याला द्यायचाच नाही. ज्याला डास ओळखता येत नाही त्याला हा कोळी काय करतोय ते कळणार नाही. समोर कोळी असतो, समोर किडा असतो, कोळी तोंड फिरवून निघून जातो, आणि बघणाऱ्याला वाटतं याला भूक नाही.

सरोवरावर पहाटे धुराचे खांब उभे राहिल्यासारखे दिसतात. ते धूर नाहीत, तलावमाश्यांचे थवे आहेत. वारा काठाकडे फिरला की भिंती, झाडं, कपडे, चहाचा कप, सगळं त्यांनी भरून जातं. झाडांवरची कोळ्यांची जाळी या माश्यांच्या वजनाने पोत्यासारखी लोंबतात. या माश्या चावत नाहीत. पण आकाराने, रंगाने, लांबुडक्या पायांनी त्या थेट डासासारख्या दिसतात, आणि भिंतीवर त्यांच्या गर्दीत डास एखाददुसराच असतो. या कोळ्याचं जगणं त्या एखाददुसऱ्याला हुडकण्यावर चालतं.

रात्री दिव्याखालची भिंत आणि सकाळी खोलीतला कोपरा, या दोन जागी भिंग घेऊन बसा. आधी पाय बघा. कायरोनोमिड माशी (हीदेखील न चावणारी तलावमाशीच) बसते तेव्हा पुढचे पाय हवेत उचललेले असतात. डास मागचे पाय उचलतो. हे एवढं जमलं तरी निम्म्याहून अधिक गर्दी बाजूला निघते. मग तोंड. डासाला पुढे आलेली लांब सोंड असते, माशीला नसते. मग मिशा, म्हणजे स्पर्शिका. नर डासाच्या स्पर्शिका बाटली घासायच्या ब्रशसारख्या झुपकेदार, मादीच्या साध्या, विरळ केसांच्या. घोटाळा इथेच होतो: नर तलावमाशीच्याही स्पर्शिका झुपकेदार असतात, त्यामुळे नुसत्या स्पर्शिका बघून निर्णय देऊ नका, सोंड बघाच.

मग बसण्याची ढब. क्युलेक्स जातीचा डास भिंतीला समांतर बसतो, पाठीला किंचित कुबड काढून. ॲनोफिलीस डोकं खाली आणि पोट वर, भिंतीशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन करून. भिंतीत काटा रुतल्यासारखा. आणखी खात्री हवी असेल तर सोंडेच्या दोन्ही बाजूंचे तंतू बघा. ॲनोफिलीसच्या मादीत ते सोंडेइतकेच लांब असतात, क्युलेक्सच्या मादीत आखूड.

शेवटी पोट. रात्री रक्त प्यायलेली मादी सकाळी भिंतीवर बसलेली असते तेव्हा तिचं पोट डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल आणि ताणलेलं असतं, बॅटरीचा उजेड आरपार जातो. रक्त पचत जातं तसा रंग काळपट तपकिरी होतो आणि मागच्या टोकाकडून अंड्यांचा फिका भाग पुढे सरकतो. दोन-तीन दिवसांत लाल काहीच उरत नाही. यातला पहिल्या दिवसाचा लाल टप्पा लक्षात ठेवा.

संध्याकाळपर्यंत एका नजरेत ‘ॲनोफिलीस, मादी, रक्त प्यायलेली’ असं तीनदा बरोबर सांगता आलं की उद्या कोळी शोधायला हरकत नाही. कोळ्याची पिल्लं हे काम कुणी न शिकवता करतात, हे ऐकून वाईट वाटून घेऊ नका.

तिसरा दिवस: भिंत

मुक्कामाची पक्की रंगवलेली, दारंखिडक्यांना जाळी असलेली इमारत शोधासाठी कुचकामी आहे. जुन्या मातीच्या भिंती, वर पत्रा, आणि भिंत व पत्रा यांच्यामध्ये मोकळी वळचण, अशी घरं हवीत. ॲनोफिलीस रात्री या वळचणीतूनच आत शिरतो. घर कुणाचं तरी असतं हे विसरू नका. आधी अंगणात उभं राहून हाक द्या, काय बघायचंय ते सांगा, घरातल्या मोठ्या माणसाचा होकार घ्या. लुओ भाषेत डासाला सुना म्हणतात, स्वाहिलीत म्बू. कोळ्याला स्वाहिलीत बुइबुइ. ‘सुना खाणारा बुइबुइ’ एवढं म्हटलं तरी मुलं पुढे होऊन भिंती दाखवायला लागतात. निघताना ‘एरोकामानो’ म्हणजे धन्यवाद.

पहिला प्रश्न हाच विचारा: आतल्या भिंतींवर फवारणी झाली आहे का? या भागात मलेरिया रोखायला कीटकनाशकाची मच्छरदाणी आणि भिंतीवरची फवारणी दोन्ही वापरली गेली आहेत. फवारलेल्या भिंतीवर डास टिकत नाही आणि कोळीही नाही, तिथे वेळ घालवू नका. बाहेरची भिंत, गोठा, स्वयंपाकाची वेगळी झोपडी आणि झाडांची खोडं बघा.

उन्हं भिंतीवर यायच्या सुमारास, साडेसहा-सातला, बसायचं. पोट भरलेला किंवा निवांत कोळी जमिनीलगत गवतात, पाचोळ्यात दडलेला असतो. भुकेला असेल तोच भिंतीवर, खोडावर उघड्यावर येतो. म्हणून नजर भिंतीच्या मधोमध लावून उपयोग नाही. पायथ्यापासून गुडघाभर उंचीपर्यंतचा पट्टा आधी, मग वळचणीखालची सावली. हाताचा पंजा जेवढी जागा झाकेल तेवढा तुकडा ठरवून तो मिनिटभर बघायचा, मग पुढचा. सगळी भिंत एकदम बघणाऱ्याला काहीच दिसत नाही.

भिंतीवर पहिल्यांदा जो उड्या मारणारा कोळी दिसेल तो बहुधा आपला नसेल. मेनेमेरस बायव्हिटॅटस आणि प्लेक्सिपस पायकुली हे दोन कोळी जगभरच्या उष्ण प्रदेशांत घरांवर राहतात, मुंबईच्या चाळीतही असतात. दोघंही मोठे, सेंटिमीटरच्या आगेमागे. मेनेमेरस चपटा आणि लांबट. आपला कोळी त्यांच्या निम्म्याएवढा, आखूड, गुटगुटीत, तपकिरी-करड्या रंगाचा आणि मातीच्या भिंतीवर सहज विरून जाणारा. नराचा चेहरा लालसर असतो, तेवढी एक ठळक खूण. पट्टी भिंतीला टेकवून मापाचा अंदाज घ्या, पण त्याच्या अंगावर तिची सावली पडू देऊ नका. जातीची पक्की ओळख सूक्ष्मदर्शकाखाली जननांगं बघूनच ठरते. फोटोवरून ‘नक्की हाच’ असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. जागा, आकार आणि डासापुढची वागणूक, तीनही जुळली तर अंदाज पुष्कळ पक्का होतो.

वागणूक कशी दिसते? कोळी आधी बाजूच्या डोळ्यांनी हालचाल टिपतो आणि झटक्यात सगळं अंग तिकडे वळवतो. मग पुढचे दोन मोठे डोळे कामाला लागतात. या डोळ्यांची भिंगं हलत नाहीत. आतली नळी हलते, आणि तिच्या टोकाचा अरुंद दृष्टिपटल समोरच्या वस्तूवरून पुढेमागे फिरतो, अंधारात बॅटरीचा बारीक झोत फिरवावा तसा. म्हणून कोळी दहा-पंधरा सेंटिमीटरवर थांबून किड्याकडे बराच वेळ नुसता बघत राहिला तर कंटाळू नका. तो तेव्हा तेच करत असतो जे काल दिवसभर भिंग घेऊन चाललं होतं. तलावमाशी असेल तर बहुधा वळतो. लाल पोटाची मादी असेल तर अंग भिंतीला टेकवून, एकेक पाय सावकाश टाकत पुढे सरकतो, जवळ आल्यावर थबकतो, भिंतीला धागा चिकटवतो आणि झेप घेतो. झेपेला बळ स्नायूंपेक्षा जास्त पायांत अचानक वाढणाऱ्या द्रवाच्या दाबाचं. धागा आधीच बांधलेला असल्यामुळे नेम चुकला तरी तो जमिनीवर पडत नाही, लोंबकळतो आणि पुन्हा वर चढतो.

सगळ्यात जास्त बिघडतं ते बघणाऱ्याच्या घाईमुळे. कोळ्याला हालचाल मागूनही दिसते, आठ डोळे आहेत. त्याच्याकडे जाताना सरळ न जाता भिंतीला समांतर, हळूहळू सरका. सावली त्याच्यावर पडली की तो भिंतीच्या फटीत जातो आणि अर्धा तास वाया. भिंतीवर फुंकर घालू नका, आणि त्या दिवशी अंगाला डास पळवणारं मलम लावलेला हात भिंतीला टेकवू नका.

चौथा दिवस: पिल्लं

हा दिवस पूर्ण पिल्लांसाठी राखावा, कारण प्रौढ कोळ्यापेक्षा पिल्लू बघण्यात जास्त मजा आहे. नुकतं घरट्यातून निघालेलं पिल्लू दीड-दोन मिलिमीटरचं. समोरचा ॲनोफिलीस त्याच्या कितीतरी पट. शेळीच्या करडाने बैल लोळवावा असा हा मामला.

प्रौढ कोळी डासावर समोरून, बाजूने, जमेल तसा जातो. पिल्लाची रीत वेगळी. डास दिसला की ते आहे तिथून सरळ न जाता लांबून वळसा घेतं आणि डासाच्या मागे पोचतं. ॲनोफिलीसचं पोट वर उचललेलं असल्यामुळे पोट आणि भिंत यांच्यामध्ये तिरपी फट राहते; पडवीच्या उतरत्या छपराखाली शिरावं तसं पिल्लू त्या फटीत शिरतं आणि खालून वर झेप घेऊन पोटाला धरतं. पुढून गेलं असतं तर डासाचे लांब पाय आड आले असते. क्युलेक्सच्या पोटाखाली अशी फट नसते, आणि क्युलेक्स समोर असला तर पिल्लू ही युक्ती सहसा वापरतही नाही.

पिल्लू हे बसण्याच्या ढबीवरून ओळखतं, हे म्बिटाच्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवलं. मेलेले डास कॉर्कच्या चकतीवर जिवंत भासतील असे बसवायचे, कधी पोट वर, कधी समांतर, आणि संगणकाच्या पडद्यावर डासाची चित्रंही तशीच फिरवायची. पुढे २०१२ साली त्याच मंडळींनी डासांचे तुकडे अदलाबदल करून जोडले: एकाचं डोकं, दुसऱ्याचं पोट. नराचं झुपकेदार डोकं लाल पोटाला जोडलं की कोळ्याचं मन डळमळतं. लाल पोट आणि मादीच्या साध्या स्पर्शिका दोन्ही असल्या की तो ठाम असतो. म्हणजे नुसत्या लाल ठिपक्याकडे धावणारा हा प्राणी नव्हे. ज्याचा मेंदू टाचणीच्या डोक्याहून लहान, तो दोन-तीन खुणा मिळवून निष्कर्ष काढतो.

भिंतीवर हा सगळा प्रकार सापडायला नशीब लागतं. शक्यता वाढवायची तर आधी कोळी न शोधता सावलीतला, स्थिर बसलेला ॲनोफिलीस शोधा आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून राहा. पिल्लू सापडलंच तर बॅटरीचा झोत थेट न टाकता बाजूच्या भिंतीवर टाका. फोटोसाठी एकास एक मॅक्रो लेन्सही कमी पडते. पुढे आठ डायॉप्टरचं जोडभिंग लावलं तर बारा सेंटिमीटरच्या आसपास जवळ जावं लागतं, तेवढ्यात डास उडतो. पहिले काही फोटो लांबूनच काढून घ्या. लेन्सचं छिद्र एफ अकरा, शटर सेकंदाचा दोनशेवा भाग, फ्लॅशपुढे बटर पेपर, आणि फोकस पुढच्या दोन डोळ्यांवर. बटर पेपर विसरलात तर डोळ्यांत फ्लॅशचा पांढरा ठिपका येतो आणि अंगावरचे बारीक केस जळाल्यासारखे दिसतात.

पाचवा दिवस: वास

डोळे झाले, आता नाक. अर्थात कोळ्याला नाक नसतं, वास पायांच्या आणि मुखाजवळच्या केसांतून कळतो.

म्बिटात आयसीआयपीई या कीटकसंशोधन संस्थेचं केंद्र आहे. संस्था थॉमस ओडिआम्बो यांनी १९७० साली सुरू केली, आणि म्बिटाच्या केंद्राला त्यांचंच नाव आहे. या कोळ्यावरचं बहुतेक काम इथलं. भेट द्यायची तर कित्येक आठवडे आधी लिहून परवानगी घ्या. दारात जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही, आणि प्रयोग चालू असेल तर आत नेणारही नाहीत.

वासाच्या प्रयोगाचं उपकरण समजायला सोपं आहे. काचेची वाय आकाराची नळी. दोन फाट्यांच्या टोकांना दोन बंद डब्या, एकीत वासाची वस्तू, दुसरीत काहीच नाही किंवा तुलनेची वस्तू. पंपाची हवा दोन्ही डब्यांतून मिनिटाला १५०० मिलिलिटर या वेगाने कोळ्याकडे येते. कोळी आधी सात दिवस उपाशी ठेवलेला. तो एका फाट्यात शिरून तिथे तीस सेकंद थांबला तर ती त्याची निवड. तासाभरात निवड झाली नाही तर ती चाचणी बाद. प्रत्येक चाचणीनंतर नळी ८० टक्के इथेनॉलने आणि मग शुद्ध पाण्याने धुवायची. हे धुणं टाळलं तर सगळं मुसळ केरात, कारण कोळी जाईल तिथे धागा सोडतो आणि पुढचा कोळी वासाच्या मागे जातोय की आधीच्याच्या धाग्यामागे, हे सांगता येत नाही. वासाची वस्तू कायम एकाच बाजूला ठेवणं ही दुसरी चूक. बाजू चिठ्ठी टाकून ठरवावी.

यातून निघालेल्या तीन गोष्टी. रक्त प्यायलेल्या मादी डासाचा वास नुसत्या नळीतूनही कोळ्याला ओढतो. असा डास खाल्लेल्या कोळ्याच्या स्वतःच्या अंगाला असा काही वास येतो की विरुद्ध लिंगाचा कोळी त्याच्याकडे आकर्षित होतो, आणि खाणं बदललं की तो वास जातो. हे २००९ साली प्रसिद्ध झालं. आणि २०११ साली मोज्यांची गोष्ट: बारा तास पायात घातलेले मोजे एका डबीत, कोरे दुसरीत. घातलेल्या मोज्यांच्या वासात कोळी जास्त रेंगाळतात. जिथे माणूस तिथे रक्त प्यायलेला डास, असा हिशेब. मोज्यांच्या वासावर घरच्यांनी नाक मुरडलं तर हा दाखला द्यायला हरकत नाही.

दुपारनंतर केंद्राबाहेर झुडपं बघा. हा कोळी दोन झाडांकडे वासानेच ओढला जातो आणि दोन्ही मराठी माणसाच्या ओळखीची: घाणेरी आणि एरंड. घाणेरी मूळची अमेरिकेतली, इथेही सह्याद्रीसारखीच माजलेली. तिच्या वासातले कॅरिओफिलिन आणि ह्युम्युलिन हे घटक कोळ्याला खेचतात. तो इथे मकरंद पितो आणि जोडीदारही शोधतो. मकरंद प्यायलेली पिल्लं डास पकडण्यात सरस ठरतात, असं २०१५ साली दाखवलं गेलं. डासाशी झटायला लागणारी ताकद त्यांना साखरेतून मिळत असावी. एरंडाकडे बघताना फुलं सोडा. पान आणि देठ जुळतात तिथे दोन बारीक गाठी असतात, त्यातून गोड थेंब पाझरतो. भिंगातून आधी तोच सांधा बघा. मुंग्या असतील तर पुढच्या पानाकडे जा, मुंग्यांच्या शेजारी हा कोळी थांबत नाही.

सहावा दिवस: रुसिंगा आणि शेजारपाजार

म्बिटाहून पुलावरून रुसिंगा बेटावर. पूर्वी इथे मातीचा भराव होता, त्याने पाण्याचा प्रवाह अडत असे; आता पूल झाला आहे. बेटावर केनियाचे स्वातंत्र्यकाळातले नेते टॉम म्बोया यांची समाधी आहे, आणि १९४८ साली मेरी लीकी यांना प्रोकॉन्सल या प्राचीन वानराची कवटी इथेच सापडली. दोन्ही ठिकाणं अर्ध्या दिवसात होतात. बोडा-बोडा म्हणजे मोटारसायकलवाल्याशी भाडं आधी ठरवा, थांबण्याचे पैसे धरून.

उरलेला वेळ शेजाऱ्यांना द्या. सरोवराकाठच्या झाडांवर मिर्मॅराक्नी मेलॅनोटार्सा नावाचा, तीनेक मिलिमीटरचा, क्रीमॅटोगॅस्टर मुंगीचं सोंग घेणारा उड्या मारणारा कोळी आहे. उड्या मारणारे कोळी एकलकोंडे असतात असं पुस्तकात वाचलं असेल. हे मात्र घरट्याला घरटं रेशमाने जोडून वस्ती करतात आणि दुसऱ्या कोळ्यांची अंडी, पिल्लं पळवून खातात. मुंगीपासून वेगळा ओळखायचा तर पुढचे पाय बघा: ते स्पर्शिकांसारखे वर धरून हलवतो, पण चालताना मोजले तर पाय आठ भरतात. दगडांवर आणि भिंतींवर पोर्शिया आफ्रिकाना सापडू शकतो. तो बाकीच्या कोळ्यांची शिकार करतो, अंगावर केसांचे झुपके असल्यामुळे पाचोळ्याच्या तुकड्यासारखा दिसतो, आणि त्याची चाल यंत्राच्या बाहुलीसारखी अडखळती.

संध्याकाळी गावात कुणी ना कुणी विचारतंच: हा कोळी वाढवून घरोघर सोडला तर मलेरिया जाईल का? सरळ उत्तर, नाही. हा कोळी एका सरोवराच्या काठापुरता आहे, एकेकटा वाढवावा लागतो, आणि रोज किती डास मारेल हे त्याच्या भुकेवर ठरतं. मच्छरदाणीची जागा तो घेऊ शकत नाही. पण भिंतीवर असेल तर झाडूने झटकू नका, इतकं सांगणं रास्त आहे, आणि ते लोकांना पटतंही.

सातवा दिवस: परत

निघायच्या सकाळी बॅग उन्हात उघडून कपडे एकेक झटका, कॅमेऱ्याच्या पिशवीचे कप्पे उलटे करा. उड्या मारणारे कोळी निवाऱ्यासाठी अशाच घड्यांमध्ये रेशमाची पिशवी विणतात. पांढुरकी, नखाएवढी पिशवी दिसली तर ती कागदावर अलगद घेऊन गवतात सोडा.

किसुमूचं विमान दुपारनंतरचं घ्या, सकाळची बोट चुकली तर होमा बेच्या रस्त्याने वेळेत पोचता येतं. पिवळ्या तापाचं कार्ड पासपोर्टच्याच पाकिटात ठेवा. गोळ्या घरी पोचल्यावरही ठरल्या दिवसांपर्यंत घ्यायच्या आहेत. पुढच्या काही आठवड्यांत ताप आलाच तर डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘केनियाहून आलोय’ हेच सांगा आणि रक्ताची तपासणी त्याच दिवशी करून घ्या.